रेघ कुठे तुटते

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमचे घर आता पाठ झाले असेल. आमची सौ., चिरंजीव, सूनबाई, सतरा वर्षांची नात, अकरा वर्षांचा नातू, आणि मी. घर ही जर मोटार मानली, तर तिच्यातली माझी जागा स्टेपनीची आहे. चारी चाके नीट चालत असतात तोवर स्टेपनीची कोणाला आठवण होत नाही. एखादे चाक बसले, की मात्र सामान बाजूला सारून आधी तिलाच बाहेर काढतात.

गेल्या श्रावणात अशीच डिकी उघडली गेली. रात्री जेवणे आटोपल्यावर चिरंजीव माझ्या खोलीत आले, दार लोटून घेतले आणि पलंगाच्या कडेवर बसले. दार लोटून बोलायचे म्हणजे विषय पैशाचा किंवा मुलांचा. या खेपेस दोन्ही होते.

"बाबा, तुम्ही जरा तिच्याशी बोला. तुमचं ऐकते ती."

"काय झालं?"

"बारावीनंतर डिझाइन करायचं म्हणते. मोटारींचं. म्हणजे इंजिनाचं नव्हे हो, दिसण्याचं! मार्क चांगले आहेत, कॉम्प्युटरला सहज जाईल, चार वर्षांत पायावर उभी राहील. आणि हिला मोटारीचं नाक-डोळे काढायचेत. घराचे हप्ते अजून अकरा वर्षं आहेत, बाबा."

शेवटचे वाक्य तो जरा हळू बोलला. मुलाचा आवाज असा खाली आला, की बापाला 'नाही' म्हणता येत नाही. मी म्हटले, "बोलतो."

आणि खरे सांगायचे तर हे काम मला माझ्या हातचे वाटले होते. पिंपरीच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी सदतीस वर्षे काढली. उभ्या बोर्डावर ट्रेसिंग पेपर ताणून, पेन्सिलीला टोक काढकाढून भागांचे नकाशे काढायचे, ही माझी रोजीरोटी. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका झाकणाचे काम माझ्याकडे आले. चौकोनी झाकण, चार स्क्रू. मला ते फार बोडके दिसले, म्हणून मी कोपऱ्यांना थोडी गोलाई दिली आणि वर एक हलका उंचवटा काढला. पत्रा तेवढाच, खर्च तेवढाच. आमच्या साहेबांनी कागद पाहिला, लाल पेन्सिलीने त्या गोलाईवर फुली मारली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "रूप बघायला तुम्हाला पगार देत नाही आम्ही!" सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर पस्तीस वर्षे मी सरळ रेघा काढल्या आणि निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी आलो. रूपाने पोट भरत नाही, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? तेच नातीला सांगायचे, एवढाच माझा बेत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला बोलावले. "बैस. काय काढतेस एवढं, दाखव तरी." वकील उलटतपासणीला गोड बोलून सुरुवात करतो ना, तशातला प्रकार. पण तिने वही काढलीच नाही. फोन पुढे केला.

"आजोबा, ही बघा. कशी वाटते?"

पडद्यावर एक मोटार होती. टोयोटा कंपनीची 'जीआर जीटी'. ५ डिसेंबर २०२५ रोजी ती जपानात पहिल्यांदा जगापुढे आली. दुकानात मिळणारी गाडी ही नव्हे. हा प्रोटोटाइप, म्हणजे आधी करून पाहिलेला नमुना. २०२७ च्या सुमारास ती विक्रीला आणण्याचा मनोदय कंपनीने त्या वेळी सांगितला होता. लांबलचक बॉनेट, मागे सरकलेली इवलीशी केबिन, फुगलेले मडगार्ड, आणि तोंडावर, कुशीत, पाठीवर जिकडे तिकडे हवेसाठी कोरलेली भोके. मी चष्मा वर-खाली करून पाहिले.

"घोरपडीसारखी दिसते," मी म्हटले. "पोट जमिनीला लावून कड्याला चिकटलीय जशी."

माझा हेतू टोमणा मारायचा होता. कार्टी खूश झाली! "म्हणजे बरोबर जमलंय, आजोबा. तिला चिकटूनच तर राहायचंय." मग तिने मला समजावले. ताशी तीनशेवीस किलोमीटरच्या वर जायचे त्या गाडीचे लक्ष्य आहे. एवढ्या वेगात खालून शिरणारा वारा गाडीला उचलायला बघतो. म्हणून सगळे जितके खाली नेता येईल तितके न्यायचे. इंजिनाच्या पोटाखाली तेलाचे भांडे असते, तेसुद्धा तिथून हलवून दुसरीकडे ठेवले, का, तर इंजिन आणखी खाली बसावे. गाडीची सगळी उंची ११९५ मिलिमीटर. आमच्या जेवणाच्या टेबलापेक्षा फार तर दोन विती अधिक. आणि महत्त्वाची गोष्ट ही, की एरवी आधी आकार ठरतो आणि मग हवेचे तज्ज्ञ त्यात दुरुस्त्या करतात. इथे उलटे केले. वाऱ्याला सोयीचा आकार कोणता, ते आधी ठरवले आणि बाह्यरूपाचे काम त्यानंतर हाती घेतले.

मी नेम धरून बसलोच होतो. "मग तुझं काम काय उरलं? सगळं वाऱ्यानंच ठरवलं की!"

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "वारा एवढंच सांगतो की इथे भोक पाहिजे. ते भोक दात विचकल्यासारखं दिसावं की श्वास घेतल्यासारखं, हे वारा नाही सांगत. ते माणसालाच ठरवावं लागतं."

आता यावर साहेबांची लाल पेन्सिल काय म्हणाली असती, कोण जाणे. मला मात्र काही सुचेना. वेळ मारून नेण्यासाठी मी उठलो, कपाटावरचा जुना पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून एक बोटभर लांबीची पांढरी मोटार तिच्या हातावर ठेवली.

ही मोटार माझ्याकडे १९६८ सालापासून आहे. मी तेव्हा अकरा वर्षांचा. मामा विलायतेहून आले, त्यांनी कॉर्गी कंपनीची ही खेळण्यातली गाडी मला आणली. जेम्स बाँडच्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' या १९६७ च्या चित्रपटातली ही गाडी. तिची डिकी उघडली की आतून क्षेपणास्त्रे सुटत. आमच्या वाड्यात त्यांनी एका आठवड्यात तीन पणत्या आणि शेजारच्या काकूंची झोप मोडली, म्हणून ती जप्त झाली. आतली माणसेही केव्हाच हरवली. रंग उडाला. पण गाडीचा बांधा तसाच आहे. लहानपणी तो मला का आवडे, हे सांगता येत नसे. रात्री उशाखाली ती घेऊन मी तिच्या पाठीवरून अंगठा फिरवीत पडे, एवढे आठवते.

"अय्या, टू थाउजंड जीटी!" नात ओरडली. "आजोबा, ही तर हिची आजी!"

तेव्हा कळले, की माझ्या डब्यातल्या गाडीला तिच्या विषयात देवघरात स्थान आहे. पुढले चार दिवस आम्ही दोघे तिच्याच मागे लागलो. तिने वाचायचे, मी ऐकायचे आणि नकाशे पाहायचे. नकाशा कळायला जपानी यावे लागत नाही.

वाचकहो, ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. साठीच्या दशकात जपानी मोटारींविषयी बाहेरच्या जगाचे मत फारसे चांगले नव्हते. स्वस्त, लहान, कामचलाऊ. हे मत पुसून टाकील अशी एक गाडी करावी, या ईर्ष्येने टोयोटाने यामाहा कंपनीला हाताशी धरले. जिरो कावानो हे कामाचे प्रमुख, आणि बाह्यरूप होते सातोरू नोझाकी नावाच्या चित्रकाराकडे. ऑक्टोबर १९६५ मध्ये टोकियोच्या मोटार प्रदर्शनात तिचा पहिला नमुना मांडला. उंची ११६० मिलिमीटर, म्हणजे आमच्या नातवाच्या खांद्याला लागेल एवढी. इंग्लंडच्या १९६१ सालच्या जग्वार ई-टाइपची आठवण सगळ्यांना झाली, आणि ती होण्यासारखीच आहे. पण दोघींचे फोटो शेजारी ठेवून पाहा. जग्वार अंग ताणून पहुडलेली दिसते. ही जपानी गाडी उडी घेण्याआधी आखडून बसलेल्या मांजरासारखी आहे.

मला त्यातली गंमत वेगळीच वाटली. गाडी इतकी खाली बसवली, की बॉनेटखाली जागाच उरेना. सहा सिलिंडरांचे इंजिन कसेबसे मावले. बॅटरी आणि हवेची गाळणी ठेवायची कुठे? तर पुढच्या चाकांच्या मागे, मडगार्डच्या पोटात, दोन्ही बाजूंना एकेक कप्पा केला. एकीकडे बॅटरी, दुसरीकडे गाळणी. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, की ती झाकणे शोभेसाठीच आहेत. दुसरी अडचण दिव्यांची. नाक एवढे खाली, की त्यातले दिवे अमेरिकेतल्या नियमांना पुरेसे उंच होईनात. म्हणून बॉनेटमधून वर उघडणारे निराळे दिवे दिले आणि नाकावर काचेआड मोठे दिवे ठेवले ते वेगळेच. आज लोक या गाडीच्या 'डोळ्यां'वर लुब्ध होतात. ते डोळे अर्धे चित्रकाराचे आहेत आणि अर्धे कायद्याचे!

आणि बाँडसाहेबांचे काय झाले ते तर आणखी मजेचे. शॉन कॉनरी सहा फूट दोन इंच. त्यांचे डोके छताखाली मावेना. शेवटी चित्रपटासाठी दोन गाड्यांची छपरे काढून टाकावी लागली. माझे खेळणे उघडे का होते, याचा उलगडा मला अठ्ठावन्न वर्षांनी झाला. आणि एवढे करून बाँडने ती गाडी चालवलीच नाही. चित्रपटात ती चालवते आकी नावाची जपानी मुलगी.

"बघा!" नात म्हणाली. त्या 'बघा'त पुष्कळ काही होते.

रविवारी हा विषय जेवणाच्या टेबलावर आला आणि तिथे चिरंजीवांनी माझी उलटतपासणी घेतली. माझ्या चेहऱ्यावरूनच त्याला कळले असावे, की स्टेपनीतली हवा गेली आहे.

"किती खपल्या या गाड्या?" त्याने विचारले.

"१९६७ ते १९७० या काळात साडेतीनशेच्या आसपास," नातीने खरे ते सांगितले.

"किंमत?"

"तेवीस लाख ऐंशी हजार येन."

"आणि त्या वेळची साधी गाडी?"

"कोरोला १९६६ साली आली, ती चार लाख बत्तीस हजारांना."

"म्हणजे एका गाडीत पाच कोरोला येऊन वर सुटे उरतात. लोकांनी कोरोला घेतली आणि कंपनी कोरोलावर मोठी झाली. बरं, त्या चित्रकाराचं तरी नाव झालं का?"

इथे नात अडखळली. कारण त्याचे उत्तर तिच्या बाजूचे नव्हते. कित्येक वर्षे पाश्चात्त्य लोक असेच समजत होते, की ही गाडी आल्ब्रेख्त गोर्ट्झ या जर्मन वंशाच्या नामांकित आकारकाराने आखली. बीएमडब्ल्यूची ५०७ ही देखणी गाडी त्यांची, आणि जपानात निस्सान कंपनीला त्यांनी सल्ला दिलेला होता. मग एवढे सुंदर काम जपान्याचे कसे असेल, असाच हिशेब लोकांनी केला असावा. नोझाकींचे नाव मागेच राहिले.

"ऐकलंत बाबा?" चिरंजीव माझ्याकडे वळले. "साडेतीनशे गाड्या, आणि श्रेय दुसऱ्याला. आणि माझी मुलगी यासाठी आयुष्य घालणार."

त्याचा आवाज चढला नव्हता. रागावला असता तर बरे वाटले असते. सूनबाईंनी आमटी वाढायला घेतली. नात ताटाकडे पाहत राहिली. मला ते लाल पेन्सिलीचे हसणे पुन्हा ऐकू आले.

बोलली ती आमची सौ. तिला या विषयातले काही कळत नाही, अशी सगळ्यांची समजूत. "ती यामाहा म्हणजे तुझ्या त्या फटफटीवाली ना रे?" तिने मुलाला विचारले. कॉलेजात असताना त्याने जुनी आरएक्स-१०० घेतली होती आणि तिच्या आवाजाने गल्ली ओळखे, की स्वारी आली. "मग तिच्या टाकीवर ते तीन चिमटे कसले होते?"

"चिमटे नाहीत आई, ट्यूनिंग फोर्क. सूर लावायचे."

"फटफटीला सूर कशाला लागतो?"

याचे उत्तर नातीकडे होते आणि ते ऐकताना सौ.ने जेवण थांबवले. तिचे आजोबा एका नाटक कंपनीत पायपेटी वाजवत असत. तर ही यामाहा मुळात पायपेटीवाल्यांची कंपनी! १८८७ साली हामामात्सु गावच्या शाळेत परदेशातून आणलेला ऑर्गन बिघडला. दुरुस्तीला तोराकुसु यामाहा नावाचा कारागीर आला. तो वैद्यकीय उपकरणे दुरुस्त करणारा. त्याने ऑर्गन उघडला, आतली रचना उतरवून घेतली आणि तसाच एक आपल्या हाताने केला. मग तो खांद्यावरच्या बांबूला टांगून, एका सोबत्याबरोबर हाकोनेचा घाट ओलांडून अडीचशे किलोमीटरवरच्या टोकियोला पायी नेला, जाणकारांना दाखवायला. जाणकार म्हणाले, घडण ठीक आहे, पण सूर लागलेला नाही. तेव्हा तो तिथेच राहिला, सुरांचे शास्त्र शिकला आणि परत जाऊन दुसरा ऑर्गन केला.

त्याच कंपनीच्या वाद्यांच्या कारखान्यातले लाकूडकाम त्या १९६५ च्या गाडीच्या डॅशबोर्डला लागले. पियानोला जे लाकूड घासतात, तेच हात.

"बांबूला टांगून!" सौ. म्हणाली. "आणि तिथे जाऊन बेसूर ठरला. त्याच्या आईबापांनी काय म्हटलं असेल?" एवढे बोलून तिने भात कालवायला घेतला. टेबलावर कोणी काही बोलले नाही. चिरंजीवही नाही.

मग गणपती आले. यंदा नातवाच्या हट्टाने घरीच शाडूची मूर्ती केली. बऱ्यापैकी झाली, फक्त सोंड जरा वकिली वळणाची झाली. शाडू पुष्कळ उरला. नातीने तो ओल्या फडक्यात बांधून ठेवला आणि रोज संध्याकाळी पाटावर घेऊन बसू लागली. तीन दिवसांत त्यातून एक मोटार बाहेर आली. हातभर लांब, बसकी, नव्या घोरपडीचे नाक आणि माझ्या जुन्या खेळण्याची पाठ.

मोटारींच्या कारखान्यांत, संगणक येऊन इतकी वर्षे झाली तरी, माती सुटलेली नाही, हे तिने मला सांगितले. ती माती शाडूसारखी पाण्याची नसते. मेणासारखी असते, तापवली की मऊ, निवली की घट्ट. आत फोमचा गाभा करून वर तिचा थर चढवतात आणि खऱ्या गाडीएवढा आकार खरवडण्यांनी तासून काढतात. मग वर चकचकीत पातळ कागदासारखे वेष्टण ताणून बसवतात, म्हणजे रंग दिलेल्या पत्र्यासारखे ते चमकते. आणि मग पाहतात ते मोटारीकडे नव्हे, तिच्या अंगावर पडलेल्या उजेडाकडे. उजेडाची रेघ दिव्यापासून शेपटीपर्यंत न अडखळता वाहत गेली, तर पृष्ठभाग बरोबर. मध्येच थरथरली, तर तिथे खोट आहे. बोटाला कळणार नाही एवढी खोट उजेडाला कळते.

गौरी-विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये आलो तर नातीने दिवे मालवले होते, शाडूच्या गाडीवर पाण्याचा हात फिरवून ती ओली चकचकीत केली होती आणि देवापुढचे निरांजन हातात घेऊन तिच्या कुशीवरून हळूहळू फिरवत होती.

"अगं, देवाचं निरांजन! मोटारीला ओवाळतेस की काय?" सौ. स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली.

"ओवाळत नाही, आजी. बघतेय."

मीही वाकलो. ज्योत पुढे सरकली, तशी ओल्या मातीवरून एक सोनेरी रेघ सरकली. पुढच्या मडगार्डवरून चढली, दारावर उतरली, आणि मागच्या चाकाच्या जरा अलीकडे किंचित मोडली.

"रेघ तुटतेय इथे," मी म्हणालो.

हे मी म्हणालो, हे मला नंतर कळले. नंतरचे मात्र नीट आठवते. मी खोलीत गेलो, त्याच पत्र्याच्या डब्याच्या तळातून माझे जुने फ्रेंच कर्व्ह काढले, पिवळे पडलेले, आणि सतरंजीवर मांडी घालून बसलो. गुडघे दुखतात म्हणून गेली तीन वर्षे मी खाली बसलेलो नाही. कर्व्ह शाडूला लावून तिला दाखवले, की वळण एकदम सुरू होते म्हणून डोळा ठेचकाळतो. सरळ रेघेतून वळणात जाताना ते हळूहळू वाढत गेले पाहिजे, घाटाच्या रस्त्यासारखे. तिने खरवडले. मी दिवा धरला. पुन्हा तुटली. पुन्हा खरवडले.

दार कधी उघडले कळले नाही. चिरंजीव ऑफिसातून आले होते. बॅग खांद्यालाच. तो काही न बोलता उभा होता. मग बॅग ठेवून तोही वाकला आणि त्याने त्या ओल्या पाठीवरून तळहात फिरवला, अगदी हलका. भोसरीचा आमचा डेंटिंगवाला ठोकलेल्या पत्र्यावरून फिरवतो ना, डोळे मिटून, तसा.

"अजून आहे," तो म्हणाला. "इथे. थोडं खाली."

आम्ही तिघे जेवायला साडेदहाला बसलो. सौ.ने दोनदा आमटी गरम केली आणि दोनदा मोटारीच्या शोधाला बोल लावला.

जेवताना नातीने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. इसे येथे जपानचे एक महान देवस्थान आहे. दर वीस वर्षांनी ते शेजारच्या मोकळ्या जागेवर जसेच्या तसे नवे बांधतात, आणि हे तेराशे वर्षे चालू आहे. यापूर्वीची खेप २०१३ ची, पुढली २०३३ ला. वीस वर्षांचाच नेम ठेवल्याने ज्याने पूर्वी बांधले, तो पुढच्या खेपेला शिकवायला हयात असतो. देऊळ जुने होऊ देत नाहीत, आणि कसब मरू देत नाहीत. टोयोटाने आपल्या नव्या नमुनागाडीविषयी हीच उपमा वापरली आहे. १९६५ ची गाडी पहिली. २०१० ते २०१२ या काळात बनलेली लेक्सस एलएफए दुसरी, अवघ्या पाचशे. मूळच्या मागवाल्या असलेल्या या कंपनीने तिच्यासाठी कार्बनचे धागे विणायला चक्क गोल माग उभा केला होता आणि इंजिनाच्या आवाजाला सूर लावायला पुन्हा यामाहाच होती. आणि तिसरी ही घोरपड. अशा गाड्या नफ्यासाठी नसतात. जुन्या हातांतले नव्या हातांत जावे, यासाठी असतात.

"म्हणजे त्या साडेतीनशे गाड्या वाया नाही गेल्या," ती बापाकडे न बघता म्हणाली.

"त्यातली एक २०१३ साली अमेरिकेत लिलावात अकरा लाख डॉलरांवर गेली, हे मीही वाचलंय," चिरंजीव म्हणाले. म्हणजे गडी चोरून वाचत होता! "पण ते पैसे त्या चित्रकाराला मिळाले नाहीत. मला तेवढंच म्हणायचंय."

तो चुकीचे बोलला नाही. हे मी इथे मुद्दाम लिहितो, कारण असल्या गोष्टीत बापाला खलनायक करायची आपल्याकडे पद्धत आहे. हप्ते त्याला भरायचे आहेत. रूपाची किंमत जगाला उशिरा कळते आणि कारागिराला ती पुष्कळदा मिळतच नाही, हे माझे सदतीस वर्षांचे दुखणे तो माझ्याच घरात शिकला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर वाचत होतो. तो मोजे घालता घालता म्हणाला, "बाबा, त्या पवईच्या आणि अहमदाबादच्या प्रवेशपरीक्षा असतात ना डिझाइनच्या, त्यांचे फॉर्म कधी निघतात?"

"तिला विचार की."

"तुम्हीच विचारा. आणि सांगा, इंजिनिअरिंगचाही भरायचा आहे. दोन्ही."

मी निरोप पोचवला. दोन्ही. तिने मान डोलावली. अहमदाबादची ती राष्ट्रीय संस्था १९६१ पासूनची, पवईच्या आय. आय. टी.तला विभाग १९६९ पासूनचा. म्हणजे मी त्या झाकणाला गोलाई देत होतो, त्या वेळी या दोन्ही ठिकाणी तेच काम शिकवले जात होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. या विचाराने एक दिवस जरा जड गेला, हे कबूल करतो.

परीक्षांचे काय होईल, ते पुढच्या दिवाळीला सांगेन. मला ज्या कामावर धाडले होते ते मी केले नाही, उलटेच करून आलो, याबद्दल चिरंजीवांनी अजून मला जाब विचारलेला नाही. शाडूची गाडी वाळली आणि तिला चाकापाशी एक चीर गेली. नातवाने ती मागून घेतली आहे. यंदाच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, मावळ्यांच्या पहाऱ्यात, ती उभी राहणार आहे. महाराजांच्या राज्यात मोटार कशी, असे मी विचारले, तर तो म्हणाला, "घोरपड आहे ना आजोबा ती! कड्याला लावायची."

फ्रेंच कर्व्ह मात्र पत्र्याच्या डब्यात परत गेलेले नाहीत. ते नातीच्या टेबलावर आहेत.